दूरचे नातेवाईक येऊन गेल्यावर संपर्क टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत आजोळकडची माणसं कितीतरी वर्षांनी घरी आली, सगळ्यांनी नंबर घेतले, आणि आता ग्रुपवर फक्त सकाळचे फुलांचे फोटो येतात. आमच्या नागपूरच्या घरीही असंच झालं होतं, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांची आतेबहीण पांढुर्ण्याला दिलेली. काटोल, नरखेड ओलांडलं की मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे तेव्हा तिकडे मुलगी देणं म्हणजे परराज्यात देणं नव्हतं. मग राज्यं वेगळी झाली, तिच्या मुलांचं शिक्षण हिंदीतून झालं आणि येणंजाणं लग्नकार्यापुरतं उरलं.

आमच्या वास्तूला ती सगळी दोन दिवस राहून गेली. जाताना आत्याचा कुरड्यांचा स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून मी कुरड्याच करून भरायचं ठरवलं आणि विचारायला फोन लावला. "काऊन बापा, कुरड्या करून राहिली का तू?" आत्या इतकी खूश झाली! गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चीक कसा गाळायचा, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन: पाणी बदललं का?

तेव्हापासून मी "या कधीतरी" म्हणणं सोडलं. असं काहीतरी विचारते की ज्याचं उत्तर एका फोनमध्ये संपत नाही. आतेभावाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाला पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडलं की फूल येतं, आणि फळ निघतं ते दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे ताण सोडला का, फूल कसं आहे, गळ तर होत नाही ना, असं वर्षभर विचारता येतं. त्यालाही बरं वाटतं, कारण त्याच्या काळजीचं कोणीतरी विचारतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी न चुकता फोन करते. आमच्याकडे त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते; तिकडे जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार असते, दोन्हीकडची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. दगड लागून माणसं खरोखर जखमी होतात. त्यामुळे आधी विचारते, पोरं घरी आहेत ना?

सगळ्यांशी हे जमत नाही, आणि जमवूही नये. एका घरातलं एक माणूस धरा. म्हाताऱ्या माणसांना मुलाच्या नंबरवरून निरोप देऊ नका, त्यांच्याशीच बोला. त्यांना ऐकू कमी येत असेल तर थोडं मोठ्याने, पण त्यांच्याशीच.

तुमच्या मामेआजीने निघताना लोणच्याची बरणी ठेवली, असं तुम्ही लिहिलंय. उद्या फोन करून विचारा, मोहरीची डाळ भाजून घेता की कच्चीच? दुपारी चारच्या सुमारास करा, तेव्हा त्या उठून चहाला बसल्या असतील. आणि बरणी परत पाठवायची घाई करू नका.