इतिहास, समाजशास्त्र असे विषय शिकायचे आहेत. अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज (मुख्यतः पदवीपर्यंतचं, वेगवेगळ्या विद्याशाखांचे विषय शिकवणारं कॉलेज) कसं निवडावं?

क्रमवारी बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर तुमच्या विषयाच्या विभागाचं पान उघडा. पूर्णवेळ प्राध्यापक किती, त्यांचं संशोधन कोणत्या काळावर किंवा प्रदेशावर आहे, ते बघा. ही कॉलेजं लहान असतात. मानववंशशास्त्राला तीनच प्राध्यापक असले आणि त्यातला एक संशोधनासाठी रजेवर गेला, तर तुम्हाला हवा तो कोर्स वर्षभर मिळत नाही. यादीत छापलेला कोर्स दरवर्षी शिकवतातच असंही नाही, म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांची वेळापत्रकं जरूर तपासा.

मग शेवटच्या वर्षी काय करून घेतात ते विचारा. माझ्या मते सगळ्यात जास्त वजन यालाच द्यावं, कारण हे विषय लिहिता लिहिताच पक्के होतात. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. स्वार्थमोर कॉलेजच्या ऑनर्स (अधिक सखोल, ऐच्छिक) अभ्यासक्रमात बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतात.

विभाग छोटा वाटला तर शेजार बघा. ॲमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योक या जवळजवळच्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना एकमेकांकडे, शिवाय मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातही कोर्स घेता येतात.

छापील फी बघून नाव खोडू नका. आर्थिक मदत वजा जाता किती भरावे लागतील ते काढा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतीचे नियम बऱ्याचदा वेगळे असतात, तेवढं प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागून घ्या.