भाताचा पेंढा गाई-म्हशी नीट खात नाहीत, दूधही कमी, काय करावं?
युरिया प्रक्रिया करा, सगळ्यात स्वस्त उपाय तोच. १०० किलो वाळल्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने थराथराने शिंपडायचा, प्रत्येक थर पायाने तुडवून दाबायचा आणि प्लास्टिकच्या कागदाने २१ दिवस हवाबंद ठेवायचा, आत अमोनिया तयार होतो त्याने पेंढा मऊ पडतो, चांगला पचतो आणि प्रोटीनही वाढतं. उघडल्यावर पिवळसर-तपकिरी रंग आणि नाकाला झोंबणारा वास म्हणजे जमलं, बुरशी लागलेला भाग मात्र फेकून द्या. घालायच्या आधी तासभर पसरून वास उडू द्या, सुरुवातीला थोडाच, नेहमीच्या चाऱ्यात मिसळून. पण ६ महिन्यांखालच्या वासरांना अजिबात देऊ नका, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागलं तर विषबाधा होऊन जनावर हातचं जातं, बादली लगेच धुवून टाका.