एक डॉक्टर, एक कंपाउंडर, रोजचे पन्नास पेशंट: ओपन सोर्स सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुमचं म्हणणं असं: बायकोचा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना, हाताशी एक कंपाउंडर, रोज चाळीस-पन्नास पेशंट. केसपेपर बंद करून कॉम्प्युटरवर जायचंय, आणि ओपनईएमआर, ओपनएमआरएस, बाह्मनी, ग्नू हेल्थ ही चार नावं वाचून डोकं चक्रावलंय.

मी स्वतः जीपी. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचा दवाखाना आहे आणि ओपनईएमआरचं हे चौथं वर्ष. त्याआधी एका कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर होतं. वार्षिक फी वाढली तेव्हा सोडतो म्हटलं, तर माझ्याच पेशंटची माहिती मला पीडीएफमध्ये मिळाली. छापून ठेवायला ठीक, दुसरीकडे भरायला शून्य उपयोग. तेव्हापासून ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, मी ‘फुकट’ म्हणून बघत नाही. डेटाबेस माझ्या मशीनवर आहे आणि तो उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, माझ्या लेखी एवढंच महत्त्वाचं. फुकट तर ते नाहीच. गावातला एक कॉम्प्युटरवाला पोरगा महिन्यातून एकदा येतो, त्याचे पैसे द्यावेच लागतात.

आता चार नावांचं बघू. ओपनएमआरएस म्हणजे तयार दुकान नव्हे, दुकान बांधायचं सामान. २००४ साली केनियातल्या एचआयव्हीच्या कामातून ते उभं राहिलं आणि मोठ्या आरोग्य प्रकल्पांत आजही उत्तम चालतं, पण मागे टीम लागते. बाह्मनी त्याच्यावरच बांधलेलं आहे, आणि ते आपल्याकडचं: छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे, त्यांच्यासाठी ते घडलं. लॅब, बिलिंग, वॉर्ड सगळं जोडलेलं. वीस खाटांचं हॉस्पिटल असतं तर मी डोळे झाकून बाह्मनी म्हणालो असतो. एका टेबलामागे बसणाऱ्या डॉक्टरला मात्र ते लग्नाच्या पंगतीच्या पातेल्यात दोघांचा भात शिजवण्यासारखं होतं. ग्नू हेल्थचंही तेच, त्याचा ओढा सार्वजनिक आरोग्याकडे.

उरलं ओपनईएमआर. अमेरिकन डॉक्टरांच्या क्लिनिकसाठी बनलेलं, त्यामुळे पहिल्या दिवशी इन्शुरन्स क्लेमचे इतके रकाने दिसतात की घाबरायला होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, तारीख आपल्या पद्धतीची करा, चलन रुपया करा. भेटीचा फॉर्म कोडिंग न करता स्वतः बनवता येतो. माझ्या फॉर्मवर सहाच गोष्टी आहेत: तक्रार, बीपी, वजन, शुगर, निदान, औषधं. सुरुवातीला हौसेनं चौदा ठेवल्या होत्या. आठवडाभरात त्यातल्या आठ रिकाम्याच राहायला लागल्या.

निवड करताना मात्र या यादीवर जाऊ नका. बाजारच्या दिवशी जुना पेशंट सापडायला कंपाउंडरला किती वेळ लागतो, ते बघा. आमच्याकडे बाजार सोमवारी. पहिल्याच सोमवारी ‘सुनीता शिंदे’ टाकलं तर सहा जणी आल्या. मोबाईल नंबरनं शोधावं, तर अख्ख्या घराला एकच नंबर, तोही पुण्याला असलेल्या मुलाचा. त्यात एकीनं कागदावर माहेरचं नाव सांगितलेलं. कंपाउंडरनं काय केलं असेल? नवीनच नोंद केली. महिन्याभरात त्या बाईची तीन खाती झाली आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नेमकी तिसऱ्यात. पेपर तपासताना दिसलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

मग नियम केला. जुन्या केसपेपरचा नंबर हाच कॉम्प्युटरवरचा नंबर, आणि तो पेशंटला छोट्या कार्डावर लिहून द्यायचा. कार्ड विसरलं तर नाव, गाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, तिन्ही विचारायचं. नावं एकाच लिपीत टाकायची. आम्ही इंग्रजीत टाकतो, कारण कंपाउंडरचा हात त्यावर बसलाय. अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत असली की शोध मेलाच. दुहेरी खाती एकत्र करायची सोय ओपनईएमआरमध्ये आहे, पण ते काम डॉक्टरनं स्वतः करावं.

मॅडमना टायपिंगचा कंटाळा असेल तर तोही हिशेबात धरा. माझी पद्धत अशी: बीपी, वजन कंपाउंडर बाहेरच भरतो, मी फक्त निदान आणि औषधं. नेहमीची तीसेक औषधं आधीच भरून ठेवलीत. तरी ताप-खोकल्याच्या गर्दीत मी कागदावरच लिहितो आणि संध्याकाळी भरतो. लाज वाटत नाही.

आभा नंबर, म्हणजे पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य खाते क्रमांक, जोडायचा असेल तर मामला वेगळा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी बाह्मनीत केलेली आहे, मूळ ओपनईएमआरमध्ये नाही. तुम्हाला ते आत्ताच हवं असेल तर माझा कौल बदलतो: बाह्मनीची लहान आवृत्ती, बाह्मनी लाइट, बघा.

सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०१८ साली ओपनईएमआरमध्ये सुरक्षेची वीसहून जास्त भोकं सापडली होती. ती बुजवली गेली, पण अपडेट न करणाऱ्याला त्याचा काय फायदा? दवाखान्यातल्या दवाखान्यातच चालवा, इन्व्हर्टरवर. कंपाउंडरला वेगळं लॉगिन द्या, तुमचा पासवर्ड नको.

आणि बॅकअप. मी वर्षभर रोज रात्री डेटाबेसची कॉपी पेनड्राइव्हवर घेत होतो, निवांत होतो. एका रविवारी जुन्या लॅपटॉपवर ती उतरवून पाहिली. नावं आली, औषधं आली, पण स्कॅन केलेले लॅब रिपोर्ट एकही उघडेना. डेटाबेसमध्ये त्यांची फक्त नोंद असते, कागद ‘साइट्स’ फोल्डरच्या आतल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, आणि ते उघडायच्या किल्ल्याही तिथेच. म्हणजे दोन्ही घ्यायचं, डेटाबेस आणि तो अख्खा फोल्डर. आता दर तीन महिन्यांनी त्या लॅपटॉपवर उतरवून कुठलेही पाच रिपोर्ट उघडून बघतो.

चारांपैकी काहीही घेण्याआधी ओपनईएमआरचा ऑनलाइन डेमो उघडून कंपाउंडरला तासभर बसवा, खोट्या नावांचे वीस पेशंट भरायला सांगा. त्यात दोन सुनीता शिंदे असू द्या.