दीडशे किलोमीटरवर भंगार उचलायला पिकअप घेऊन जाणं परवडतं का?

नुसत्या लोखंडासाठी नाही. जाऊन-येऊन ३०० किमी, गाडीचं अॅव्हरेज १२ धरलं तर २५ लिटर डिझेल, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. त्यात टोल, ड्रायव्हर, हमाली धरून चार हजार कुठेच गेले नाहीत. किलोमागे तीन रुपये सुटत असतील, तर सव्वा टन भरूनही पावणेचार हजारच. पत्रा असेल तर विचारूच नका, हौदा भरतो पण काटा हलत नाही.

तांबं, पितळ किंवा जळालेल्या विजेच्या मोटारी असतील तर गोष्ट वेगळी. पण आधी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा आणि वाइंडिंगची, म्हणजे मोटारीच्या आत गुंडाळलेली, तार चाकूने खरवडून दाखवायला सांगा. वरून तांबूस दिसणारी तार आतून पांढरी निघाली, की ते अॅल्युमिनियम. भाव निम्म्याच्याही खाली.

वजन कुठल्या काट्यावर करायचं हे फोनवरच ठरवा. तिथे पोचल्यावर घासाघीस करायला गेलात तर समोरच्याला ठाऊक असतं, हा रिकामा परत जाणार नाही.

जाताना भाडं मिळालं तर मात्र खुशाल निघा. जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या बाजूला एरवीही माल टाकायला जात असाल, तर वाटेतलं लोखंडसुद्धा परवडेल.