प्रकाश पदुकोण यांचा स्मॅश जबरदस्त नसताना त्यांनी 1980 ची ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा कशी जिंकली?

समोर इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग. 1978 आणि 1979 चा विजेता, उडी मारून स्मॅश करण्यात तेव्हा जगात अव्वल. तरी अंतिम सामना 15-3, 15-10 असा एकतर्फी कसा झाला, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: पदुकोण यांनी खेळाचा वेग उतरवला आणि किंगला त्याच्या आवडीचं फूल (म्हणजे शटल) मिळूच दिलं नाही.

आधी गुणांचं समजून घ्या. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा. समोरच्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर नुसती सर्व्हिस हाती यायची. (प्रत्येक रॅलीला गुण आणि 21 चा गेम, हे 2006 पासूनचं.) त्यामुळे 15-3 म्हणजे किंगने तीनच रॅली जिंकल्या असं नव्हे, स्वतःच्या सर्व्हिसवर तो फक्त तीनदा जिंकला. अशा पद्धतीत घाई करणाऱ्यापेक्षा थांबू शकणाऱ्याचं फावतं.

आता फटके. उडी मारून स्मॅश करायला शटल उंच, शरीराच्या पुढे आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, बरंच आत यावं लागतं. जाळीपासून बेसलाइन 6.70 मीटर. टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, अगदी शेवटच्या हातभर पट्ट्यात सरळ खाली पडला तर मारणाऱ्याचा तोल मागे जातो, आणि पिसांमुळे शटल समोर पोचेपर्यंत बराच जोर ओसरतो. तोच टॉस मीटरभर आखूड पडला की संपलं. किंगसारख्याला टॉस देणं म्हणूनच धाडसाचं होतं. लांबीवर तेवढा ताबा असेल तरच ते परवडतं.

दुसरं हत्यार हाफ स्मॅश, आणि माझ्या मते पदुकोण यांचा खरा ठसा इथे आहे. हात टॉसला जातो तसाच वर जातो, खांदा तसाच वळतो, आणि शेवटच्या क्षणी मनगट रॅकेटची जाळी किंचित तिरकी करतं. शटल कमी वेगाने पण तीव्र उतारावर जाळीजवळ पडतं. समोरचा पूर्ण स्मॅशच्या अपेक्षेने मागे थांबलेला असतो, त्याला धावत येऊन जमिनीलगतचं फूल उचलावं लागतं.

हौशी खेळाडू हाच फटका मारताना हाताचा वेगच कमी करतात. मग समोरच्याला तो आधीच कळतो. हात पूर्ण वेगाने यायला हवा, कमी व्हायचा तो फक्त शटलला लागणारा जोर. दुसरी चूक म्हणजे शटल डोक्यामागे गेल्यावर हाफ स्मॅश मारणं. उतार मिळत नाही आणि शटल जाळीत जातं किंवा सपाट तरंगत समोरच्याच्या हातात जातं. तिथे मुकाट्याने टॉस मारावा.

ही हातोटी जिथे घडली ते बंगळूरचं कॅनरा युनियनचं सभागृह लग्नालाही दिलं जायचं, आणि लग्न असलं की सराव बंद. तिथून 1978 ला एडमंटनला राष्ट्रकुल सुवर्ण, मग 1980 मध्ये डॅनिश ओपन, स्वीडिश ओपन आणि पाठोपाठ ऑल इंग्लंड. ती जिंकणारे ते पहिले भारतीय. त्याआधी 1947 ला प्रकाश नाथ अंतिम फेरीत हरले होते.

किंगने मात्र हिशेब चुकता केला. 1981 च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत पहिला गेम 15-11 घेऊनही पदुकोण पुढचे दोन 4-15, 6-15 हरले. तरीही त्याच वर्षी क्वालालंपूरच्या विश्वचषकात त्यांनी चीनच्या हान जियानला 15-0, 18-16 असं हरवलं. 15-0 पेक्षा मला तो 18-16 चा गेम जास्त मोलाचा वाटतो, कारण तोवर हान जियान सावरला होता.