७३ की ६६? बायबलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे माहेर प्रोटेस्टंट आणि सासर कॅथलिक आहे. माझ्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, तर सासूबाईंच्या बायबलमध्ये ७३. माहेरची माणसे म्हणतात की कॅथलिकांनी पदरची सात पुस्तके घुसडली. सासरी ऐकते की १६व्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने सात पुस्तके काढून टाकली. खरे कोणाचे?

उत्तर : दोन्ही आरोप जसे केले जातात तसे टिकत नाहीत. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्ही घरांत तीच आहेत. फरक आहे तो जुन्या करारात. तोबित, युदिथ, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानीएल यांतील काही भाग, हे सारे सेप्टुअजिंट या यहुदी शास्त्राच्या ग्रीक रूपातून ख्रिस्ती मंडळ्यांकडे आले. यहुदी परंपरेने पुढे जो हिब्रू संग्रह प्रमाण मानला, त्यात मात्र ही पुस्तके नाहीत. पहिल्या शतकांतील बहुसंख्य ख्रिस्ती लोक ग्रीक वाचणारे असल्यामुळे त्यांच्या वापरात ती सहजच राहिली. इ. स. ३९७ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभेच्या यादीत ती धरलेली आहेत (बारूख त्या काळी यिर्मयाचाच भाग समजला जाई). तेव्हा ती १६व्या शतकात घुसडली गेली, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पण त्यांच्याविषयीची शंकाही ल्यूथरने उकरून काढलेली नव्हती. ज्यांच्या लॅटिन भाषांतरावर, म्हणजे व्हल्गेटवर, कॅथलिक परंपरा हजार वर्षे उभी राहिली, त्या संत जेरोम यांनीच हिब्रूत नसलेली पुस्तके वेगळी धरावीत असे लिहून ठेवले होते. ल्यूथरने १५३४च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ती दोन करारांच्या मधे छापली. पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, तरी वाचायला उपयुक्त व चांगली, असे त्यांच्याविषयी म्हटले. इंग्लंडमधील १६११च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. प्रोटेस्टंट प्रतींतून ती दिसेनाशी होण्यामागे १८२६ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने घेतलेला निर्णय हे एक मोठे कारण आहे : ही पुस्तके असलेल्या प्रतींच्या छपाईसाठी पैसा द्यायचा नाही, असे त्या संस्थेने ठरवले.

मग एवढा वाद कशासाठी? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडून पाहा. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांना पुरताना त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. तेव्हा त्यांचा सेनापती यहुदा वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो, आणि मृतांसाठी प्रार्थना करणे हा पवित्र व चांगला विचार आहे, असे लेखक सांगतो. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत ल्यूथरचे कॅथलिक प्रतिपक्षी योहान एक (Eck) यांनी शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मृतात्मे स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध होतात या शिकवणीच्या, समर्थनार्थ याच वचनांचा आधार घेतला, आणि ल्यूथरने उत्तर दिले की हे पुस्तक प्रमाण शास्त्रात येत नाही. हिब्रू संग्रहाला मान देणे ही प्रामाणिक भूमिका आहे असे मी मानतो. तरी ती नेमकी या वादात पुढे आली, हेही प्रोटेस्टंट वाचकाने मान्य करायला हवे. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी ही पुस्तके इतरांच्याच योग्यतेची ठरवली. खरा प्रश्न तेव्हापासून एकच आहे : प्रमाण काय, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? कॅथलिकांच्या मते तो पवित्र आत्म्याने चालवलेल्या चर्चचा. प्रोटेस्टंटांच्या मते शास्त्र स्वतःच आपले प्रामाण्य प्रकट करते, चर्च ते फक्त ओळखते.

प्रश्न : ल्यूथरने भाषांतर करताना देवाच्या वचनात स्वतःचा शब्द घातला, असे आमचे धर्मगुरू सांगतात. हे खरे आहे का? आणि कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळते असे मानतात, हे खरे आहे का?

उत्तर : नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल म्हणतो. १५२२च्या जर्मन नव्या करारात ल्यूथरने तेथे ‘केवळ विश्वासाने’ असे केले. मूळ ग्रीकमध्ये ‘केवळ’ नाही, हे त्यालाही ठाऊक होते, आणि त्याने ते लपवले नाही. १५३० साली लिहिलेल्या एका खुल्या पत्रात त्याने दोन कारणे दिली : एक गोष्ट नाकारून दुसरी स्वीकारायची असेल तर जर्मन माणूस तो शब्द वापरतोच, आणि पौलाच्या म्हणण्याचा अर्थही तोच आहे. पहिले कारण मला पटते. दुसरे कारण मात्र भाषांतराच्या हद्दीबाहेरचे आहे, कारण जो अर्थ वादात आहे तोच तेथे मजकुरात बसवला जातो. तरीही ल्यूथरवर खोटेपणाचा ठपका ठेवणाऱ्यांनी याकोबाचे पत्र २:२४ पाहावे. मनुष्य ‘केवळ विश्वासाने’ नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असे तेथे म्हटले आहे. हे पत्र ल्यूथरला मनातून रुचत नव्हते, त्याने ते नव्या कराराच्या शेवटाकडे ढकलले. परंतु हे वचन त्याने जसेच्या तसे भाषांतरित केले.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर ट्रेंटच्याच कागदात आहे. १३ जानेवारी १५४७च्या निर्णयातील पहिलेच कलम असे की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून मनुष्य आपल्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा शापित असो. म्हणजे कमाई करून स्वर्ग मिळवण्याची शिकवण कॅथलिक चर्चची नाही. भेद वेगळा आहे आणि तो खोल आहे. ल्यूथरच्या दृष्टीने देव पापी माणसाला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे नीतिमान घोषित करतो. ट्रेंटच्या दृष्टीने देव त्याला आतून नवा करून खरोखर नीतिमान बनवतो, आणि त्या कृपेला माणसाचा होकार लागतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मूलभूत सत्यांवर सहमती आहे आणि उरलेल्या भेदांसाठी जुने शाप लागू होत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. पुढे इतर प्रोटेस्टंट पंथांपैकी २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनेही त्याला मान्यता दिली. दोन्हीकडच्या व्यासपीठांवरून आजही जुनेच आरोप ऐकू येतात, याचे मला मनापासून दुःख वाटते.

प्रश्न : कॅथलिक चर्चने लोकांना बायबल वाचूच दिले नाही, हे खरे का? आणि आम्ही पतीपत्नींनी एकत्र कोणते भाषांतर वाचावे?

उत्तर : सरसकट खरे नाही. छापील जर्मन बायबल १४६६ मध्येच स्ट्रासबुर्गला निघाले होते. इंग्लंडमध्ये मात्र १५व्या शतकाच्या आरंभापासून परवानगीविना इंग्रजी भाषांतर करण्यास मनाई होती, आणि बायबलचे इंग्रजी भाषांतर करणारे विल्यम टिंडेल यांना १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ गळा आवळून मारून जाळण्यात आले. त्यावर पांघरूण घालता येणार नाही. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून काम करण्यास उत्तेजन दिले आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने इतर ख्रिस्ती बांधवांसह भाषांतर करण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी मिळून केलेली भाषांतरे निघाली. त्यांपैकी अनेकांत ती सात पुस्तके स्वतंत्र विभागात असतात. तुमच्या भाषेत अशी प्रत मिळाल्यास ती घ्यावी. न मिळाल्यास दोघांच्या प्रती शेजारी ठेवून रोमकरांस पत्राचा तिसरा आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय एकाच बैठकीत वाचावा, आणि प्रस्तावना व तळटीपा वगळू नयेत, कारण भाषांतरकाराने कोठे काय निवडले हे बहुधा तेथेच नोंदलेले असते.