सीतेच्या वेणीला माती नको

प्रश्न : काकू, गेल्या पावसाळ्यात गावी फणसाची फांदी मोडून पडली. तिच्यावरची सीतेची वेणी मी घरी आणली आणि माती-शेणखत घालून कुंडीत लावली. आता खालची पानं पिवळी पडून गळतायत. बाल्कनीत सकाळी दोन तास ऊन येतं, पाणी रोज घालते. वाचेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेंडा हिरवा आणि टणक असेल तर वाचेल, पण आजच मातीतून काढा. तुमची माया कमी पडलेली नाही, मुळं गुदमरली आहेत. माझी पहिली वेणी मीही अशीच मातीत घालून गमावली, त्याची हळहळ अजून जात नाही.

ही आमरी (ऑर्किड) झाडावर राहते, पण बांडगूळ नव्हे. फणसाचा रस ती घेत नाही, नुसता आधार घेते. (आमच्याकडे बांडगूळ समजून आंब्यावरून खरवडून काढतात, तेव्हा जीव तुटतो.) तिच्या जाड मुळांवरचं रुपेरी आवरण स्पंजासारखं पाणी शोषतं. एखाद्या धडक्या मुळावर पाणी शिंपडा, बघता बघता ते हिरवं होईल. पुन्हा रुपेरी होईपर्यंत दुसरं पाणी नको. मातीत ते सुकतच नाही, म्हणून कुजतं.

मुळं धुऊन बोटांनी दाबून बघा. पिचपिचीत, पोकळ लागतील ती स्वच्छ कात्रीने कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि रोप दोन दिवस सावलीत टांगा. मग आंब्याच्या सालीसकटच्या ओंडक्यावर सुती दोरीने बांधा. पेरूचा नको, त्याची साल सुटते. पानं जरा खाली झुकलेली ठेवा, शेंड्यात पाणी साचता कामा नये. मुळांनी एकदा लाकूड धरलं की सोडवता येत नाही, तेव्हा उचलेल एवढाच ओंडका घ्या.

सकाळचं ऊन आहे तेच ठीक. पाणी उन्हाळ्यात रोज सकाळी, थंडीत दोन-तीन दिवसांनी. नवी मुळं फुटल्यावर पंधरवड्याला लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारं खत घालून फवारा.

फुलांची यंदा आशा धरू नका. आपल्याकडे ती मे-जूनमध्ये येतात: पानाच्या बेचक्यातून तुरा निघून खाली लोंबतो, पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके. आसामात हेच कोपौ फूल, बिहूला तिथल्या मुली अंबाड्यात माळतात. तुमच्या वेणीला आधी मुळं येऊ देत. पहिल्या सरींना ओंडका कठड्याशी टांगा आणि मुळांना हिरवी टोकं दिसली की मला जरूर कळवा.